नाना खैरनारांच्या झांजा

आमच्या वाद्यवृंदात सगळ्यात मोठा आवाज करणारा माणूस चहा ढवळताना चमचा कपाला लागू देत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कपाला तडा गेला असेल. मग दुसऱ्या रविवारी पाहिलं, तिसऱ्या रविवारी पाहिलं. नाना खैरनार चमचा कपाच्या मधोमध उभा धरतात, हलकेच फिरवतात आणि बाहेर काढून घडी केलेल्या रुमालावर आडवा ठेवतात. कपसुद्धा बशीत ठेवत नाहीत, तळहातावर ठेवून पितात. चहा झाला की उठून हॉलमध्ये जातात आणि पितळेच्या दोन मोठ्या झांजा एकमेकींवर अशा आपटतात की खिडक्यांच्या काचा थरथरतात.

मी या वाद्यवृंदाची सचिव. वाद्य कुठलंच वाजवत नाही. मुलगी इथे व्हायोलिन वाजवायची. ती नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि मी राहिले, कारण खुर्च्या कोण मांडणार हा प्रश्न तिच्या जाण्याने सुटत नव्हता. खुर्च्या, स्टँड, चहा, हॉलची चावी, जनरेटरवाल्याचा फोन या सगळ्याच्या माझ्याकडे याद्या असतात. कलावंतांना आपण मागच्या वेळी स्टँड कुठे ठेवला हे आठवत नाही, मला आठवतं. तेवढंच माझं संगीत.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका शाळेचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी मिळतो. तिथे जमणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर आहेत, लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेली दोन-तीन कुटुंबं आहेत, लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेले ट्रम्पेटवाले आहेत, आणि दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची एक मुलगी आहे, जी चेलो घेऊन वडिलांच्या पिकअपमधून येते. युरोपातलं जुनं संगीत आम्ही वाजवतो. हे लोकांना समजावणं हे माझं दुसरं काम. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटला की लोक विचारतात, गाणारे कोण, निवेदक कोण, शेवटी लावणी आहे का. मी नाही म्हणते. मग ते विचारतात, मग नक्की काय आहे? मी म्हणते, येऊन बसा. बरेच जण खरंच येऊन बसतात. सुरुवातीला नातेवाईक यायचे, आता मळ्यातून फुलं विकायला आलेली माणसं उरलेली फुलं घेऊन येतात आणि कुणाच्याही गळ्यात हार घालून जातात. गेल्या वर्षी हार्प आणायला ठरवलेली भाड्याची गाडी आलीच नाही, तर भाजीच्या टेम्पोवाल्याने कोथिंबिरीच्या जुड्या खाली उतरवून ठेवल्या आणि हार्प आणून दिली. हार्पला दोन दिवस कोथिंबिरीचा वास होता.

झांजा वाजवायला मात्र माणूस मिळत नव्हता. आमच्या नाशिकच्या ढोलाच्या नावावर अख्ख्या महाराष्ट्रात वराती नाचतात, तिथे झांजा वाजवणाऱ्यांची काय कमी? ढोलपथकातली चांगली दणकट पोरं आली. अडचण एकच होती. या संगीतात झांजवाल्याने बराच वेळ गप्प उभं राहायचं असतं आणि मग एकदाच वाजवायचं असतं. पोरं उभी राहू शकत नव्हती. त्यांचे हात शिवशिवायचे. एकाने तर हळू चाललेल्या व्हायोलिनखाली चक्क ठेका धरला. संचालकांनी थांबवलं, तर तो म्हणाला, "सर, नुसतंच चाललं होतं, म्हटलं मदत करावी."

अशात एका रविवारी नाना दारात उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्यावर टोपी, साठी कधीच ओलांडलेली. पूर्ण तालीम त्यांनी दाराशी उभं राहूनच ऐकली. चहाच्या वेळी माझ्याकडे आले आणि चौकशी सुरू केली. कार्यक्रम कुठे असतो, खुर्च्यांना हात असतात का, पंख्यांचा आवाज होतो का. शेवटी विचारलं, "ताई, मधेच एकदम खणकन असं काही वाजतं का?"

मी म्हटलं, अजून तरी नाही, पण झांजवाला मिळाला की वाजेल.

नानांनी मागे वळून एकदा हॉलकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग त्या झांजा माझ्याकडं द्या."

मला वाटलं, हौशी माणूस आहे. असा हौशी माणूस आठवड्याला एक येतो. मी नाव लिहून घेतलं.

नाना मूळचे सटाण्याकडचे. आयुष्यभर त्यांनी कांद्याचे लिलाव पुकारले. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागायच्या, नाना एकेका वाहनापाशी जाऊन भाव पुकारायचे आणि व्यापारी बोली लावायचे. त्यात तोंडाने बोलणारे थोडे. कोणी बोट हलवणार, कोणी टोपी मागे सरकवणार, कोणी नुसता कान खाजवणार. बाजूच्याला आपली बोली कळू नये म्हणून ज्याची त्याची खूण वेगळी. पुकारणाऱ्याचं कसब हे, की एवढ्या गर्दीत ज्याचं बोट हललं ते नेमकं दिसलं पाहिजे, आणि जोवर बोट हलत नाही तोवर घाई करता कामा नये. म्हणून नानांना गप्प उभं राहता येत होतं. तासन्‌तास. ढोलाच्या पोरांना जे जमलं नाही ते त्यांच्या अंगातच होतं.

पण त्याचा तोटाही पहिल्याच दिवशी कळला. आमचे संचालक ओंकार सर तिशीतले, परदेशात शिकून आलेले. वाजवून घेताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरतो आणि ते तो बोटाने वर करतात. त्यांनी चष्मा वर केला आणि नानांनी झांजा वाजवल्या. सरांनी दचकून मान हलवली. नानांनी पुन्हा वाजवल्या. दातांचे डॉक्टर हसले, बाकी सगळे थांबले.

नाना शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोट वर केलं. बोट वर केलं म्हणजे माल गेला."

सरांनी पुढच्या रविवारी चष्म्याला दोरी लावून आणली. हात ओठांशी नेणं, कपाळ पुसणं, भुवया उंचावणं हे सगळं त्यांनी नानांच्या धाकाने सोडून दिलं. जाणकार लोक अलीकडे म्हणतात, ओंकार सरांच्या संचालनात काय संयम आहे. संयम कुणामुळे आला ते आम्हाला माहीत आहे.

नानांना स्वरलेखन वाचता येत नाही. त्यांनी सगळं संगीत कांद्यात बसवून घेतलं. बासऱ्या आल्या की म्हणायचे, ही गोल्टी. गोल्टी म्हणजे बारीक कांदा. व्हायोलिन म्हणजे उन्हाळ कांदा, टिकणारा, एकसारखा. ट्रम्पेट म्हणजे लाल कांदा, दिसायला झोकदार पण लवकर खपवायला पाहिजे. "गोल्टीची रांग संपली, मग उन्हाळच्या दोन ट्रॉल्या, मग लाल, मग मी," असा त्यांचा हिशोब असायचा आणि तो कधी चुकायचा नाही. हळूहळू बाकीचेही तसंच बोलायला लागले. चेलोवाली मुलगी एकदा सरांना म्हणाली, सर, गोल्टीपासून परत घेऊ या का? आणि सरांनी काही न विचारता गोल्टीपासून घेतलं.

कोणी घाबरलं, कोणाचा सूर चुकला, वीज गेली, तरी नानांचं एकच वाक्य, "माल जागेवर शे." शे म्हणजे आहे, हे त्यांच्या बागलाणकडचं बोलणं. शहरात राहायला आल्यापासून ते एरवी आमच्यासारखं बोलतात, पण धीर देताना गावचं बोलतात.

आता मुख्य अडचण सांगते. तालमीत नानांच्या झांजा जिथल्या तिथे पडायच्या. कार्यक्रमात मात्र उशीर व्हायचा. थोडासाच, पण प्रत्येक वेळी. सर हात खाली आणायचे, सगळी वाद्यं एकदम तुटून पडायची, आणि नानांच्या झांजा एक श्वास मागून यायच्या, लग्न लागून गेल्यावर पोचलेल्या मामासारख्या. कॉलेजच्या कार्यक्रमात हे झालं. सटाण्याला गेलो तिथेही झालं. तिथे मात्र नानांच्या ओळखीची माणसं पुढच्या रांगेत होती, झांज वाजल्यावर त्यांच्यातला एक लिलाव सुटल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "दिला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण नाशिकच्या हॉलमध्ये तिसऱ्यांदा झालं तेव्हा ओंकार सरांचा चेहरा उतरला.

वाद्यवृंदाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम तोंडावर आला होता. त्यातल्या शेवटच्या रचनेत एका संथ भागाच्या टोकाला झांजांचा एकच प्रहार होता. एकच, पण सगळी रचना त्याच्याच दिशेने चढत जाते. सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले की पुण्याहून एक मुलगा बोलावतो, शिकलेला आहे, नानांना तुम्ही सांगा. मला म्हणजे सचिवाला. हार घालायची वेळ आली की अध्यक्ष असतात, वाईट सांगायचं असलं की सचिव.

मी फोनवर अशा गोष्टी सांगत नाही. इंदिरानगरला नानांचा फ्लॅट आहे, तिथे गेले. बेल दाबली तर आवाज आला नाही. दाराच्या फटीतून आत एक दिवा दोनदा लागलेला दिसला आणि नानांनी दार उघडलं. घर नीटनेटकं, पण काहीतरी वेगळं होतं. काय ते कळायला मला थोडा वेळ लागला. घरात आवाजच नव्हता. खुर्च्यांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. ओट्यावर रबरी चटई, मांडणीवर प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये फडक्याची घडी. स्वयंपाकघराच्या दाराला खाली गोधडीची पट्टी.

नानांची बायको, माई, खिडकीशी बसून फुलवाती वळत होत्या. नाना त्यांच्या मागून गेले नाहीत, वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी वर पाहिल्यावर मग बोलले. हळू आवाजात, ओठ नीट हलवत. ज्या माणसाचा आवाज चार ट्रॉल्यांपलीकडे जायचा तो घरात असा बोलत होता. मग ते आत चहा टाकायला गेले. जाताना कुकरकडे बोट दाखवलं. माईंनी कानामागचं ऐकण्याचं छोटं यंत्र दाबून बंद केलं. शिट्टी झाली. नाना बाहेर येऊन पुन्हा समोर उभे राहिले, माईंनी यंत्र सुरू केलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "कुकरची वर्दी देतात मला."

माईंचे कान गेल्यावर डॉक्टर जवळ असावेत म्हणून दोघं नाशिकला आली. यंत्र बसलं आणि माईंना सगळं ऐकू यायला लागलं. म्हणजे सगळंच. यंत्राला काय ऐकवावं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंखा, प्लास्टिकची पिशवी, चपला, वरच्यांचा मिक्सर. आणि भांडं भांड्याला लागलं की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं. ढोलाचं काही नाही, ढोल पोटात वाजतो, म्हणाल्या. धातूचं सोसत नाही. एवढ्या सगळ्या आवाजांत चांगलं असं काय ऐकू आलं, तर शाळेच्या हॉलवरून जाताना ऐकलेलं तुमचं व्हायोलिन. तिथेच त्या रस्त्यात थांबल्या होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी नानांना चौकशीला पाठवलं.

तेव्हा मला नानांचा तो दाराशी विचारलेला प्रश्न आठवला. मधेच खणकन वाजणारी एक वस्तू या संगीतात आहे, हे कळल्यावर नानांनी ती स्वतःच्या हातात मागून घेतली होती.

बाकीचं माईंनी सहज सांगितलं, हवापाण्यासारखं. कार्यक्रमात त्या डाव्या हाताच्या कडेच्या खुर्चीवर बसतात. संथ भाग त्यांना फार आवडतो, डोळे मिटून ऐकतात. यंत्र आधीच बंद केलं तर तो जातो. म्हणून नाना झांजा उचलतात आणि वाट बघतात. माईंनी डोळे उघडून हात कानाला नेला की मग वाजवतात.

नाना चहा घेऊन आले. चमचे रुमालावर होते. मी आलेल्या कामाचं बोलले. न फिरवता बोलले, कारण फिरवून सांगितलं की माणसाला दोनदा लागतं. उशीर होतो, सर नाराज आहेत, पुण्याहून मुलगा येणार आहे.

नानांनी ऐकून घेतलं. कप तळहातावर तसाच धरून म्हणाले, "बरोबर शे त्यांचं. पण ताई, तिचा हात वर गेल्याशिवाय मी कसं वाजवू? बोली आली नाही तर माल देता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "तो पुण्याचा पोरगा तिच्याकडं बघंल का?"

पुण्याचा पोरगा काही माझ्या हातात नव्हता. पण खुर्च्या होत्या. घरी येऊन मी बैठकीची आखणी बदलली. माईंची खुर्ची कडेवरून काढून मधे घेतली, ओंकार सरांच्या बरोबर मागे, म्हणजे नानांना दोघंही एका नजरेत दिसतील. शेजारची खुर्ची माझी. प्रहार यायच्या आधी मी माईंच्या हाताला हात लावायचा, त्यांनी यंत्र बंद करायचं. कधी हात लावायचा हे मला कळावं म्हणून मी दोन रविवार नानांशेजारी उभी राहून गोल्टी आणि उन्हाळ शिकले. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, जे ते नानांसमोर कधी करत नाहीत, आणि म्हणाले, ठीक आहे, पण या वेळी उशीर झाला तर मात्र पुढच्या कार्यक्रमापासून तो मुलगा. मी म्हटलं, मान्य.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. फुलवाले आले होते, कोथिंबिरीचा टेम्पोवाला आला होता, सटाण्याहून नानांचे दोन व्यापारी आले होते. माई माझ्या शेजारी, नवं लुगडं, मांडीवर पर्स. संथ भाग सुरू झाला आणि त्यांनी डोळे मिटले. मी मनात ट्रॉल्या मोजत बसले. गोल्टी गेली. उन्हाळची पहिली गेली. स्टेजवर सगळ्यांच्या मागे उभ्या नानांनी खाली वाकून झांजा उचलल्या, दोन्ही हातांत छातीपाशी धरल्या. लाल आला. मी माईंच्या मनगटाला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले. हात मांडीवरच राहिला.

मी पुन्हा हात लावला. त्यांनी माझ्याकडे न बघता माझा हात आपल्या हाताखाली दाबून धरला. समोर नाना झांजा उचलून उभे, सरांच्या खांद्यावरून थेट इकडे बघत. सगळी वाद्यं वर चढत होती. सरांचा हात वर गेला. माईंचा हात कानाकडे जात नव्हता. नानांचा चेहरा मी इतका कोरा कधी पाहिला नव्हता. आता ते वाजवणारच नाहीत, असं मला वाटलं.

तेव्हा माईंनी मान हलवली. एकदाच, जराशी.

सरांचा हात खाली आला आणि त्याच क्षणी झांजा वाजल्या. एक श्वास मागे नाही, अर्धाही नाही. माईंनी डोळे गच्च मिटले, माझ्या बोटांतून कळ गेली इतका हात आवळला. आवाज पूर्ण विरेपर्यंत तशाच राहिल्या. मग डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत मला म्हणाल्या, "इतला मोठा आवाज करतात हे?"

पुढे टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली.

नंतर मागच्या खोलीत चहा होता. मी खुर्च्यांचं बघून तिथे गेले तेव्हा ओंकार सर नानांना सांगत होते की आज अगदी वेळेवर, त्या मुलाला नको सांगतो. नानांचं लक्ष नव्हतं. ते माईंच्या समोर येऊन उभे राहिले होते. माईंनी यंत्र कानाला लावून घेईपर्यंत थांबले. मग स्वतःच्या कानाला हात लावून त्यांनी विचारलं, लागलं का?

"लागलं," माई म्हणाल्या. "मार्केटातबी असाच आवाज काढायचे का?"

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"इतकी वर्षं मी काही आले नाही तिकडं," माई मला म्हणाल्या. "बायका कुठं जायच्या लिलावात. लोक सांगायचे, नानांचा आवाज असा अन् तसा. घरी आले की मांजरासारखे." मग त्या नानांकडे वळल्या. "पुढच्या वेळी माझ्याकडं बघत उभे राहू नका. मास्तर खोळंबतो."

"तुला सोसायचं नाही."

"माल जागेवर शे," माई म्हणाल्या.

नानांनी मान खाली घालून झांजा हातात घेतल्या, मधे फडक्याची घडी घातली आणि एकीवर एक ठेवल्या. जराही वाजल्या नाहीत. मी दोघांना चहाचे कप दिले. नानांनी कप तळहातावर घेतला. माईंनी साखर टाकली, चमचा फिरवला आणि बाहेर काढताना कपाच्या काठावर टणकन आपटला. मुद्दाम.

नाना एवढे दचकले की त्यांचा चहा पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. माईंनी त्यांच्याकडे बघत चमचा पुन्हा एकदा वाजवला.